टेन्शनचं पोट आणि चिनी औषधी पुड्या : कुणाला अनुभव?

सिंगापूरकर_पोटोबा

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांचा वाचक, धागा पहिल्यांदाच काढतोय, आणि तोही पोटाचा. सांभाळून घ्या.

सिंगापुरात आयटीत आहे. रिलीज जवळ आला की सकाळी मुरडा सुरू होतो. ऑफिसला निघेपर्यंत दोन-तीनदा जाऊन यावं लागतं, गेलं की कळ थांबते, मग परत. रविवारी संध्याकाळपासूनच गुडगुड. सुट्टीला सांगलीला गेलो की मिसळ, भजी, भडंग काहीही खातो आणि पोट मुकाट्याने सगळं पचवतं. कोलोनोस्कोपी झाली, स्वच्छ. डॉक्टर म्हणाले आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे हळवं आतडं), कळ आल्यावर घ्यायला मेबेव्हेरिन ही पेटक्यांवरची गोळी दिली आणि स्ट्रेस कमी करा म्हणाले. कसा करायचा ते त्या चिठ्ठीवर नव्हतं.

शेवटी ऑफिसमधली एक चिनी सहकारी मला तिच्या नेहमीच्या वैद्यबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, झोप कशी, राग गिळतोस का, बर्फाचं पाणी पितोस का, सगळं विचारलं. निदान असं : यकृताची 'ची', म्हणजे त्यांच्या भाषेत प्राणशक्ती, तुंबली आहे आणि ती प्लीहेवर चढाई करते आहे. मी लिव्हरचा रिपोर्ट पुढे केला, सगळं नॉर्मल आहे म्हटलं. बाई हसल्या आणि रिपोर्ट परत दिला. पिवळट पावडरच्या पुड्या मिळाल्या आहेत, दिवसातून दोनदा कोमट पाण्यातून.

बायकोचं मत : घटक कळल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. आईचं मत : चिनी कशाला, कुटजारिष्ट (कुड्याचं आयुर्वेदिक औषध) पाठवते. माझं मत अजून बनलेलं नाही, म्हणून इथे आलोय. कुणी घेतलं आहे का? गुण येतो का? धोका काय?

चहाबाज

यकृताने प्लीहेवर चढाई केली आणि तुम्ही अजून स्टँडअप मीटिंगला जाताय? आधी युद्धबंदी जाहीर करा.

(हलके घ्या. मलाही अप्रेझलच्या आठवड्यात असंच होतं. खुर्ची पकडतो, पॉपकॉर्न मात्र पोटाला चालत नाहीत.)

डॉ_निशाचर

पोटोबा, चिनी पुड्यांवर बोलण्याआधी चार प्रश्न. शौचातून रक्त? वजन विनाकारण घटलं? मुरड्याने रात्री झोपेतून जाग येते? घरात कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा सिलिॲक (गहू न सोसणारा आतड्याचा आजार)? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर हा धागा बंद करून परत पोटाच्या डॉक्टरांकडे जा. नसेल तर तुमचं वर्णन आयबीएसच्या जुलाबवाल्या प्रकाराशी जुळतं. आयबीएस ठरवायच्या २०१६ च्या रोम निकषांत पोटदुखी आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी हवी, गेले तीन महिने हवी आणि तिचा शौचाशी संबंध हवा. तुमचं बसतंय.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं : सध्या कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? सगळ्या सांगा. 'ती काय रोजचीच आहे' म्हणून सोडून देतात ती सुद्धा.

सिंगापूरकर_पोटोबा

@डॉ_निशाचर, चारही नाही. गोळी एकच, बीपीची. स्ट्रिपवर टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड असं लिहिलंय.

पुडीवरची अक्षरं सहकारीणीने वाचून दाखवली, ऐकू आलं तसं लिहितो : बाय चू, बाय शाओ, छन फी, फांग फंग, छाय हू, गान त्साओ.

मुक्काम_शांघाय

अहो, तुम्ही तर पूर्ण नुस्खाच टाकलात की. यातले पहिले चार म्हणजे 'थुंग शिये याओ फांग'. पोट दुखून जुलाब, जुलाब झाले की आराम, आणि मन अस्वस्थ असताना हे सगळं जास्त, अशा रुग्णाला चीनमधला कुठलाही वैद्य आधी हाच नुस्खा आठवतो. शेकडो वर्षं चालत आलेला आहे. बाय चू हे एक मुळासारखं खोड, पचन सावरायला. बाय शाओ म्हणजे पिओनी फुलझाडाचं मूळ, पेटके सोडवायला. छन फी म्हणजे संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवून मुरवलेली साल. क्वांगतुंग प्रांतातल्या शिनह्वेइची साल सगळ्यात भारी मानतात आणि ती जितकी जुनी तितकी महाग. फांग फंग हे आणखी एक मूळ. छाय हू तुमच्या बाईंनी वरून घातलंय, ते तुंबलेलं मोकळं करायला.

त्यांचं यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसतं ते नव्हे. ते एक काम आहे : शरीरातला प्रवाह सुरळीत ठेवणं. राग, चिडचिड, घुसमट यांनी तो अडतो. प्लीहा म्हणजे पचनाचं खातं, आणि तिचा शत्रू म्हणजे अतिविचार. त्यामुळे बाईंनी तुमचा रिपोर्ट का परत दिला ते कळलं असेल. त्या तुमच्या बॉसबद्दल बोलत होत्या.

माझा स्वतःचा अनुभव : इथे मोठ्या सरकारी रुग्णालयात चिनी औषधांचा वेगळा विभाग असतो. मला ताणाने भूक मेली होती, पोट फुगलेलं असायचं. मला 'श्याओ याओ सान' दिलं होतं, सुंग राजवटीच्या काळातल्या सरकारी औषधसंग्रहातलं. रुग्णालयच काढा उकळून प्लॅस्टिकच्या सीलबंद पिशव्यांत देतं, घरी फक्त गरम पाण्यात पिशवी बुडवायची. चव? नीम आणि ओला बारदान यांच्या मधली काहीतरी. गुण आला असं मला वाटलं. त्याच सुमारास प्रोजेक्टही संपला, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते सांगत नाही.

डॉ_निशाचर

गान त्साओ म्हणजे जेष्ठमध ना? मग थांबा पोटोबा. पुड्या आज घेऊ नका.

जेष्ठमधातला ग्लायसिरायझिन हा घटक मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतो. त्यामुळे शरीरातलं कॉर्टिसोल हे हार्मोन तिथे अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनसारखं वागायला लागतं : मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. बीपी वाढतं. तुमच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे आपण जिला पाण्याची गोळी म्हणतो ती, तेही पोटॅशियम बाहेर टाकतं. त्यात तुम्हाला जुलाब, त्यातूनही पोटॅशियम जातं. टेल्मिसार्टन थोडं उलटं ओढतं, पण त्या भरवशावर राहू नका. पोटॅशियम फार खाली गेलं की स्नायू गळतात, हृदयाचे ठोके बिघडतात. नुस्ख्यात चिमूटभर असेल तर कदाचित काही होणारही नाही, पण रोज दोनदा किती दिवस ते आपल्याला माहीत नाही. गोळीची स्ट्रिप घेऊन बाईंकडे जा आणि दाखवा.

अनुजा_के

बायकोचं ऐकत जा हो पोटोबा. ती शास्त्रज्ञ आहे की काय?

सिंगापूरकर_पोटोबा

बायको बँकेत आहे. आता हा प्रतिसाद तिला दाखवला तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल, म्हणून दाखवत नाहीये. पुड्या कपाटात ठेवल्या आहेत.

शंकेखोर

धोक्याचं झालं. आता गुणाचं बोलू, कारण 'हजारो वर्षांची परंपरा' हा पुरावा नाही. शिरा कापून रक्त काढण्याचीही हजारो वर्षांची परंपरा होती.

१९९८ साली सिडनीत एक चांगली चाचणी झाली होती. आयबीएसचे ११६ रुग्ण, तीन गट : एकाला प्रत्येकाची प्रकृती बघून वेगळा नुस्खा, दुसऱ्याला सगळ्यांना एकच ठरावीक नुस्खा, तिसऱ्याला औषधासारखाच वास-चव असलेला खोटा माल. १६ आठवडे. दोन्ही खऱ्या औषधांचे गट खोट्यापेक्षा बरे निघाले. गंमत अशी की चाचणी चालू असताना व्यक्तिगत नुस्ख्याने ठरावीक नुस्ख्यापेक्षा जास्त काही केलं नाही, पण औषध बंद केल्यावर १४ आठवड्यांनी पाहिलं तर सुधारणा फक्त व्यक्तिगत नुस्ख्यावाल्यांचीच टिकली होती.

इथे टाळ्या वाजवणाऱ्यांनी थांबावं. २००६ साली हाँगकाँगमधली चाचणी आली. ११९ रुग्ण, सगळे जुलाबवाले, म्हणजे पोटोबांचे भाऊबंद, ११ वनस्पतींचा अर्क. खोट्या औषधाच्या तुलनेत फरक शून्य. त्याच वर्षी कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेने, आयबीएसवरच्या वनौषधींच्या ७५ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यातल्या खरोखर नीट केलेल्या, खरं औषध कुणाला ते रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही न सांगता घेतलेल्या, फक्त तीन. बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा तर ठेवा.

गवतीचहा

शंकेखोर, २०१५ चं नोबेल चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना कशासाठी मिळालं ते विसरलात वाटतं. जुन्या चिनी ग्रंथातूनच मलेरियाचं औषध निघालं ना? लाखो जीव वाचले.

शंकेखोर

विसरलो नाही. को होंगच्या चौथ्या शतकातल्या ग्रंथात वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितलं होतं. त्यावरून तू यूयू यांना सुचलं की उकळल्याने औषध मरत असावं, म्हणून त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला. मग तो उंदरांवर, माकडांवर, स्वतःवर, रुग्णांवर तपासला. एकच रेणू वेगळा झाला, त्याचा डोस ठरला. नोबेल या कामाला आहे. परंपरेने दिशा दाखवली हे मान्य, पण त्यावरून पोटोबांच्या पुडीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

वैद्य_मृणाल

आयुर्वेदाची वैद्य आहे, म्हणून पोटोबांच्या आईंच्या बाजूने दोन शब्द. चरकाच्या विमानस्थानात म्हटलंय की हितकर अन्न, तेही बेताने खाल्लं, तरी चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण असेल तर ते पचत नाही. ग्रहणीवर, म्हणजे आतड्याच्या पचनविकारावर, चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहे. तेव्हा ताण आणि पोट यांचं नातं शोधायला चीनला जायची गरज नाही.

पण आई, कुटजारिष्ट आपल्या मनाने पाठवू नका. कुडा ग्राही आहे, जुलाब थांबवेल, पण मूळ कारण तसंच राहिलं तर मलावष्टंभ आणि पोटफुगी घेऊन बसाल. शिवाय डॉ. निशाचर यांचा जेष्ठमधाचा इशारा आपल्याकडच्या यष्टिमधू चूर्णालाही तेवढाच लागू आहे. लोक ॲसिडिटीवर ते चमचा-चमचा खातात, सोबत बीपीची गोळी.

आणि 'चिनी आणि आयुर्वेद सगळं एकच' असं पुढे कुणीतरी लिहील, म्हणून आधीच सांगते : नाही. नाडी दोघेही बघतात, पण त्यावरून काढलेले अर्थ वेगळे. वातपित्तकफाचा साचा त्यांच्या यकृत-प्लीहेवर बसवायला गेलात तर दोन्हीकडचं वाटोळं होईल.

चहाबाज

म्हणजे आता पोटात यकृत, प्लीहा, वात आणि प्रोजेक्ट मॅनेजर, चौघे आहेत.

टोकियोचा_बंड्या

जपानची बाजू राहिली. इथे चिनी परंपरेतून आलेल्या औषधांना कांपो म्हणतात, आणि ती वेगळा वैद्य देत नाही, एमबीबीएससारखा नेहमीचा डॉक्टरच देतो. १४८ कांपो नुस्खे राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसतात. जेवल्यावर पोट जड, दोन घासांत भरल्यासारखं, एंडोस्कोपी नॉर्मल, अशी माझी तक्रार होती. डॉक्टरांनी रिक्कुन्शितो लिहून दिलं. प्रत्येक नुस्ख्याला क्रमांक असतो, याचा ४३. फार्मसीत लोक नावाऐवजी '४३ नंबर' म्हणूनही मागतात. पाकीट फोडायचं, जेवणाआधी पाण्याबरोबर गिळायचं. माझं पोट बरंच हलकं झालं. त्यातही जेष्ठमध आहे, म्हणून डॉक्टर अधूनमधून रक्त तपासतात.

आणि विमा देतो म्हणजे निर्धोक, असं नाही. शोसाइकोतो नावाचं कांपो इथे यकृताच्या रुग्णांना सर्रास द्यायचे. इंटरफेरॉन या यकृताच्या विषाणूंवरच्या औषधाबरोबर घेतल्यावर फुप्फुसाला सूज येऊन माणसं गेली, १९९६ साली सरकारला तातडीचा इशारा काढावा लागला. त्यातला मुख्य घटक म्हणजे तुमचं छाय हू. घाबरवत नाहीये, तुम्ही इंटरफेरॉनवर नाही. पण 'वनस्पती आहे, अपाय काय होणार' हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

शंकेखोर

+१. आणि बेल्जियम. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या. फांग जी नावाच्या मुळाच्या जागी ॲरिस्टोलोकिया जातीची भलतीच वनस्पती आली. शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. नावं जवळजवळची, मुळं दिसायला सारखी.

सिंगापूरकर_पोटोबा

थांबा थांबा. माझ्या पुडीत फांग आहे!!

मुक्काम_शांघाय

तुमचं फांग फंग. ते फांग जी. कुळ वेगळं, झाड वेगळं. ॲरिस्टोलोकियाची गोष्ट जुनी झाली, सिंगापुरात ती वनस्पती बंद आहे. पाणी प्या.

पण शंकेखोरांचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच पुडी नोंदणीकृत वैद्याकडूनच घ्यायची, ऑनलाइन बाटली मागवायची नाही. सिंगापुरात २००० साली चिनी वैद्यांच्या नोंदणीचा कायदा झालाय, भिंतीवर प्रमाणपत्र असतं, ते बघा. आणि पैशाची अडचण असेल तर थोंग चाय ही संस्था १८६७ पासून जात-धर्म न बघता लोकांना मोफत तपासते. सहा पिढ्या झाल्या असतील.

सोलापुरी_कडक

चीन आणि औषधं म्हटल्यावर आमच्या डॉ. कोटणीसांचं नाव कुणीच घेतलं नाही? १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून गेले, १९४२ साली तिथेच वारले. वय पुरतं बत्तीस. शिजियाच्वांगमध्ये स्मारक आहे.

चहाबाज

आदर आहेच कडक, पण ते शल्यचिकित्सक होते. पोटोबांचं पोट कापायचं नाहीये.

बॉस्टनची_मावशी

मला शंकेखोरांच्या सिडनीवाल्या चाचणीपेक्षा दुसरी एक आवडते. हार्वर्डच्या टेड कॅप्चक यांनी २००८ साली छापलेली. आयबीएसचे २६२ रुग्ण. एका गटाला उपचाराविना नुसतं थांबवून ठेवलं, दुसऱ्याला खोटं ॲक्युपंक्चर, म्हणजे सुई आत जातच नाही, तेही न बोलता, कोरडेपणाने. तिसऱ्याला तेच खोटं ॲक्युपंक्चर, पण देणारा माणूस शांतपणे बसून ऐकतो, विचारतो, धीर देतो. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटलेले : २८, ४४ आणि ६२ टक्के. कॅप्चक हे स्वतः तरुणपणी मकाऊला चिनी वैद्यक शिकलेले आहेत, बाहेरून टीका करणारे नव्हेत.

पोटोबा, तुमच्या डॉक्टरांनी दिलेला वेळ आणि बाईंनी दिलेला वेळ जरा आठवून बघा. राग गिळता का असं तुम्हाला याआधी कुणी विचारलं होतं?

गवतीचहा

म्हणजे सगळं मनाचे खेळ? नवऱ्याला आयबीएस आहे, त्याला हे 'मनाचं आहे' ऐकून ऐकून वीट आलाय. दुखतं ते खरंच दुखतं.

डॉ_निशाचर

बरोबर आहे गवतीचहा, आणि मावशीही तसं म्हणत नाहीयेत. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं. आयबीएसमध्ये आतड्याची संवेदना तीव्र झालेली असते, इतरांना न जाणवणारा गॅस यांना कळ म्हणून जाणवतो. ताणाने तो आवाज आणखी मोठा होतो. दुखणं खरंच असतं.

पण मग उपायही तिथेच आहेत. २०२३ साली इंग्लंडमधल्या ४६३ रुग्णांवरची चाचणी छापून आली : अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं जुनं औषध अगदी थोड्या डोसमध्ये, १० ते ३० मिलिग्रॅम, सहा महिने. खोट्या गोळीपेक्षा स्पष्ट फरक. नैराश्याला देतात त्याच्या मानाने हा डोस किरकोळ आहे, म्हणून 'मला वेड्याची गोळी दिली' असं समजू नये. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूलही काहींना लागू पडतात. आणि आहार.

मेलबर्नवाली

आहार म्हटलं की मी! लो फॉडमॅप, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ टाळायचा आहार, आमच्या मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलं. कांदा, लसूण, गहू, राजमा, काही फळं, काही डाळी काही आठवडे बंद, मग एकेक परत सुरू करून बघायचं कोण त्रास देतंय. माझा गुन्हेगार लसूण निघाला. तेलात लसूण परतून काढून टाकला तर चालतो, कारण त्रास देणारा भाग तेलात उतरत नाही.

सोलापुरी_कडक

कांदा-लसूण सोडून शेंगाचटणी कशी करायची ते मोनॅशने सांगितलंय का?

मेलबर्नवाली

चातुर्मास पाळणाऱ्या आजीला विचारा, तिला माहितेय. पण ते कायमचं नाही करायचं हो, शोधापुरतं.

सिंगापूरकर_पोटोबा

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर येतो, काय झालं ते सांगतो.

स्ट्रिप घेऊन वैद्यबाईंकडे गेलो. त्यांनी थायझाइड वाचलं आणि लगेच गान त्साओ खोडलं. पिओनी आणि जेष्ठमध ही पेटक्यांवरची जुनी जोडी आहे, ती तोडल्याने थोडं कमी लागू पडेल, पण तुझं बीपी महत्त्वाचं, असं म्हणाल्या. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, घ्यायचं तर घ्या, महिन्याने पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि लिव्हर तपासू, दोन्हीकडे एकमेकांचं माहीत असू द्या. तपासणी झाली, सगळं ठीक.

मुरडा कमी आहे. गेला नाही. रिलीजच्या आठवड्यात आलाच, पण निघायच्या आधी एकदाच. त्याच काळात बाईंच्या सांगण्यावरून डेस्कवर जेवणं बंद केलं आणि बर्फाचं कोपी (इथली कॉफी) सोडलं, त्यामुळे शंकेखोर म्हणतील की पुडीने केलं हे कशावरून. कशावरूनही नाही. ठरवलंय की ही खेप संपली की थांबवायचं आणि मग पोट काय म्हणतं ते बघायचं. नाहीच जमलं तर अमिट्रिप्टिलिनचं विचारीन.

शंकेखोर

मी काहीच म्हणत नाहीये. थांबवून बघणार आहात, त्यावर मी खूश आहे.

वैद्य_मृणाल

जेवण डेस्कवर न घेणं हा या धाग्यातला एकमेव उपाय ज्यावर तिन्ही शास्त्रांचं एकमत व्हावं.

नवी_सदस्या_ठाणे

नमस्कार, उशिरा वाचला धागा. वाचनखूण साठवली. माझ्या सासूबाईंनाही सतत काळजी आणि पोटाचा त्रास. भाऊ शांघायला आहे, तो वर लिहिलेलं श्याओ याओ सान पाठवतो म्हणतोय. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, बाकी तब्येत छान. देऊ का?

डॉ_निशाचर

झडप धातूची असेल तर त्या वॉर्फरिनवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर असणार. श्याओ याओ सानमध्ये डांग ग्वेइ हे मूळ असतं, त्याने वॉर्फरिनचा परिणाम वाढून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वर गेल्याच्या नोंदी आहेत. पुडी नको, भावाला पाठवू नको म्हणून आजच कळवा. सासूबाईंचा शेवटचा आयएनआर कधी केला होता?